कवेलूंवर पत्रा टाकला आणि घर आतून गळायला लागलं: आधी काय तपासायचं

इंदूरच्या जुन्या वस्त्यांत कवेलू, म्हणजे मातीची कौलं, फेरायला आता माणूस मिळत नाही. माकडांची टोळी एकदा छपरावरून गेली की वीस-पंचवीस कवेलू फुटतात, आणि मृगाच्या आधी शाकारणी झाली नाही तर पावसाळा बादल्या लावून काढावा लागतो. म्हणून लोक कवेलू तसेच ठेवून त्यांच्यावर पत्रा ठोकून घेतात. माझं फॅब्रिकेशनचं काम आहे. अशी छपरं मी बसवतो आणि इतरांनी बसवलेली दुरुस्तही करतो. दुरुस्तीसाठी बोलावणं आलं की तक्रार ठरलेली असते: नवा पत्रा गळतोय. वर चढून पाहावं तर बहुतेक वेळा पत्रा कुठेच गळत नसतो. त्याला आतून घाम सुटलेला असतो.

हा फरक ओळखला नाही की लोक गळती समजून फटी बुजवत सुटतात. सांध्यात सिलिकॉन, वळचणीला (छपराच्या खालच्या कडेला) सिमेंट, आढ्यावर (छपराच्या माथ्यावर) डांबरपट्टी. जेवढ्या फटी बुजतात तेवढी आतली दमट हवा जास्त कोंडते आणि पुढच्या वर्षी दुप्पट पाणी पडतं. रामबागेतल्या एका आजींकडे मी जानेवारीत गेलो होतो. तीन वर्षांत तीनदा डांबर लावून झालं होतं आणि खोलीत बादली तशीच होती. मी विचारलं, "आजी, शेवटचा पाऊस कधी झाला?" त्या म्हणाल्या, "अरे, दिवाळीच्या आधी." दोन-अडीच महिने आभाळ कोरडं आणि बादलीत पाणी! ते पाणी वरून येणं शक्यच नव्हतं.

लक्षणं

थंडीत रात्र निरभ्र असते आणि पहाटेपासून थेंब पडायला लागतात. ऊन पत्र्यावर आलं की अर्धा तास थेंब वाढतात, मग आपोआप थांबतात. पत्र्यातून आत आलेल्या स्क्रूंची टोकं गंजलेली असतात आणि प्रत्येक टोकावर एकेक थेंब लटकलेला दिसतो. ही खूण दिसली की माझी निम्मी तपासणी तिथेच संपते.

पावसाळ्यात ओळखणं अवघड जातं, कारण घाम आणि पाऊस एकाच वेळी असतात. तरी घामाची ओल सगळ्या पाख्यावर, म्हणजे छपराच्या त्या उतरत्या बाजूवर, सारखी पसरते आणि थेंब पत्र्याखालच्या आडव्या पाइपांच्या रेषेत रांगेने पडतात. खरी गळती एका जागी असते, सर सुरू झाल्यावर काही वेळाने दिसते, वाऱ्याची दिशा बदलली की कमी-जास्त होते आणि लाकडावर किंवा छताला तपकिरी कडेचा डाग सोडते.

याशिवाय वासे काळे पडणं, माळ्यावरच्या गाद्यांना कुबट वास, लाकडावर पांढरी बुरशी. उन्हाळ्यात पंख्याची हवा रात्री अकरापर्यंत गरम लागणं. ही सगळी एकाच दुखण्याची लक्षणं आहेत: पत्रा आणि कवेलू यांच्यामधली हवा हलत नाही.

असं का होतं

मालव्याच्या रात्रींचं कौतुक आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. दिवस कितीही तापला तरी रात्र गार होते, ती निरभ्र आभाळामुळे. जमिनीची उष्णता त्या उघड्या आभाळाकडे निघून जाते. पत्र्याचंही तेच होतं, फक्त फार वेगाने. अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्यात उष्णता साठतच नाही, त्यामुळे तो रात्री भोवतालच्या हवेपेक्षाही काही अंश थंड होतो. खाली घरातली हवा 20 अंशांवर असेल आणि तिच्यात 60 टक्के आर्द्रता असेल, तर 12 अंशांच्या खालच्या कुठल्याही पृष्ठभागावर तिचं पाणी होतं. इंदूरच्या डिसेंबर-जानेवारीत पत्रा त्याहून सहज खाली जातो. पावसाळ्यात तर 25 अंश आणि 90 टक्के आर्द्रता असताना पत्रा 23 अंशांवर आला तरी पुरतं, आणि सरीचं पाणी त्याला तेवढा गार करतंच.

रंगीत पत्र्याला नव्या चकचकीत जस्ती पत्र्यापेक्षा रात्री जास्त घाम येतो, कारण रंगाचा थर उष्णता बाहेर टाकण्यात पुष्कळ पुढे असतो. पत्रा महागाचा घेतला म्हणून हा त्रास टळत नाही.

पूर्वी नुसते कवेलू होते तेव्हा हे का होत नव्हतं? भाजलेली माती थोडी ओल पिऊन घेते आणि दिवसा सोडून देते. शिवाय कवेलूंच्या शेकडो सांध्यांतून घर श्वास घेत असे. त्या सांध्यांतून आजही हवा वर जाते, फक्त आता वर पत्र्याचं झाकण आहे.

अमेरिकेतही लोक जुन्या शिंगल्सवर, म्हणजे छपराच्या डांबरी चकत्यांवर, पत्रा टाकतात, आणि त्यांचे व्हिडिओ पाहून इथे तसंच करून मागणारे भेटतात. तिथली रचना वेगळी आहे. डांबरी शिंगल्सच्या खाली प्लायवूड आणि डांबरी कागद असतो. त्यामुळे घरातली वाफ आधी प्लायवूडच्या खालच्या बाजूला धरते आणि तिथली खरी काळजी त्या लाकडाच्या कुजण्याची. आपले कवेलू वाफ अडवत नाहीत, ती सरळ पत्र्यापर्यंत पोचते. म्हणून हवेसाठी किती जागा उघडी ठेवायची याचं तिथलं माप घ्यायला हरकत नाही, पण थरांची नक्कल करू नका.

चढण्यापूर्वी

मेन स्विच बंद करा. जुन्या घरांत माळ्यावरून उघड्या वायरी गेलेल्या असतात, कापडी वेष्टणाच्या सुद्धा. वर पत्रा, खाली ओल आणि मधे स्क्रू घुसलेली वायर असेल तर आख्खं छप्पर करंट मारतं. पत्रा, पाइप किंवा पन्हळ यांना हात लावून कधीही झिणझिणी आली असेल तर पुढचं काही करू नका, आधी इलेक्ट्रिशियन. ओल्या पत्र्यावर कुणीही चढायचं नाही. कवेलूंवर टाकलेल्या पत्र्यावर दोन पाइपांच्या मधे पाय दिला तर खालचे कवेलू फुटतात, म्हणून पाय स्क्रूंच्या ओळीवरच.

पहिलं: वही घ्या

सगळ्यात स्वस्त तपासणी हीच. आठ-दहा दिवस लिहा: थेंब किती वाजता सुरू झाले, किती वाजता थांबले, आदल्या रात्री पाऊस होता का, आभाळ निरभ्र होतं का, पहाटे खिडक्या बंद होत्या का. चार-पाचशे रुपयांच्या आत तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र मिळतं. ते माळ्यावर ठेवा आणि पहाटेचे आकडेही लिहा. आर्द्रता सतत 70 टक्क्यांच्या वर असेल तर पाणी घरातूनच येत असल्याचा संशय धरा. ही वही नसेल तर मिस्त्री येऊन त्याला जे काम येतं तेच करून जाईल, आणि बहुतेकांना डांबर लावणं येतं.

दुसरं: घरातली वाफ कुठे जाते ते पाहा

एक किलो गॅस जळला की दीड लिटरहून अधिक पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. म्हणजे 14.2 किलोचं एक सिलिंडर संपेपर्यंत साधारण 22 लिटर पाणी स्वयंपाकघराच्या हवेत सोडतं, कुकरची आणि भाताची वाफ वेगळी. चार माणसं रात्रभर झोपली तर श्वास आणि घाम मिळून एक लिटरहून जास्त. त्यात गिझरच्या पाण्याची आंघोळ आणि थंडीत खोलीत वाळत घातलेले कपडे.

रामबागेच्या आजींकडे स्वयंपाकघराच्या चिमणीचा पाइप बाहेर काढलाच नव्हता. तो माळ्यावर नेऊन कवेलूंच्या खाली उघडा सोडला होता. बसवणाऱ्याला भिंत फोडायची नव्हती. दिवसाला दोन वेळचा स्वयंपाक थेट पत्र्याखाली जात होता. तो पाइप भिंतीतून बाहेर काढला आणि त्याच आठवड्यात बादली कोरडी राहिली. असं मी नंतर आणखी तीन घरांत पाहिलं. त्यामुळे आता कुणाच्याही घरी गेलो की छपराआधी चिमणीचा पाइप शोधतो. न्हाणीघराचा एक्झॉस्टही तपासा, त्याचं तोंड माळ्यात नको.

तिसरं: उदबत्ती

दुपारी ऊन तापल्यावर उदबत्ती लावून वळचणीपाशी, पत्रा आणि कवेलू यांच्यामधल्या फटीजवळ धरा. धूर आत ओढला गेला पाहिजे. मग माळ्यावरून आढ्यापाशी धरा, तिथे तो वर निघून गेला पाहिजे. दोन्हीकडे धूर जागीच घुटमळला तर हवेची वाट बंद आहे.

बहुतेक घरांत ती कुणीतरी मुद्दाम बंद केलेली असते. खारी आणि वटवाघळं येतात म्हणून वळचण सिमेंटने बुजवतात, पाऊस उडतो म्हणून आढ्याच्या टोपीखाली फोम कोंबतात. त्यांचा हेतू चुकीचा नसतो, पण त्यासाठी जाळी लावायची असते. खालून हवा आत, वरून बाहेर, या दोन्ही वाटा हव्यात. फक्त वर भोक पाडून गोल फिरणारा पंखा बसवला आणि वळचण बंद राहिली, तर तो पंखा हवा ओढणार कुठून? तो घरातलीच दमट हवा वर खेचतो. पंखा फिरताना दिसतो म्हणून लोकांना समाधान वाटतं, पण दुखणं वाढतं.

किती उघडं ठेवायचं? अमेरिकेतल्या घरबांधणीच्या नियमांत माळ्याच्या क्षेत्रफळाच्या 150 व्या भागाइतकी मोकळी जागा सांगितली आहे, आणि आपल्याकडेही मला ती पुरेशी वाटली. तुमचं छप्पर 30 फूट बाय 20 फूट असेल तर 600 चौरस फूट, म्हणजे एकूण 4 चौरस फूट. निम्मी खाली, निम्मी वर. दोन्ही वळचणींची लांबी मिळून 60 फूट असेल तर सलग अर्ध्या इंचाहून थोडी कमी फट हिशेबाने पुरते. पण जाळी बरीच जागा खाते आणि धूळ साचते, म्हणून मी एक इंच ठेवतो. आढ्यावर एकूण दीड इंच, दोन्ही पाख्यांकडे पाऊण-पाऊण. टोपी त्यावर दोन्हीकडे भरपूर खाली उतरलेली असावी, म्हणजे वाऱ्याचा पाऊस आत येत नाही. जाळी बारीक पण मजबूत, जस्ती किंवा स्टेनलेसची. मच्छरदाणीची प्लॅस्टिक जाळी नको, खारी ती पहिल्याच महिन्यात कुरतडतात.

वळचणीतलं सिमेंट काढताना एक गोष्ट पाहा. चुना-सिमेंटचा क्षार जस्ताला आणि अॅल्युमिनियमला खातो. जिथे ओलं सिमेंट पत्र्याला चिकटलं होतं तिथे पांढरी भुकटी दिसली तर तेवढी कडा घासून, रंगवून घ्या.

चौथं: मधली ताडपत्री

पत्रा टाकण्याआधीच्या पावसाळ्यात कवेलूंवर निळी ताडपत्री टाकलेली असते, आणि घाईत ठेकेदार तिच्यावरच पत्रा ठोकतो. "दुहेरी बंदोबस्त" म्हणून घरमालकही खूश होतात. ती ताडपत्री वाफ सोडत नाही. तिच्या खालच्या बाजूने पाणी धरतं, कवेलूंमधून ओघळून रिपांवर (कवेलूंखालच्या लाकडी पट्ट्यांवर) येतं आणि लाकूड वर्षभर ओलं राहतं. मी उघडलेल्या सगळ्यात कुजलेल्या छपरांत ही ताडपत्री होती. वळचणीकडून वाकून पाहा, निळी किंवा काळी कडा दिसते. दिसली तर ती काढावीच लागेल. त्यासाठी पत्रा ओळीने उघडावा लागतो, ते फॅब्रिकेटरचं काम.

पाचवं: पाणी मारून खरी गळती शोधा

आधीच्या चार गोष्टी झाल्या आणि तरी संशय राहिला तर कोरड्या दुपारी नळीने पाणी मारा. खालून वर जायचं: आधी वळचणीकडचा भाग दहा-पंधरा मिनिटं, मग त्याच्या वरचा, शेवटी आढं. वरून सुरुवात केली तर सगळीकडे पाणी ओघळतं आणि नेमकी जागा कळत नाही. एक माणूस आत बॅटरी घेऊन. एवढं करूनही थेंब आला नाही तर पत्र्यात दोष नाही, हे पक्कं समजा.

थेंब आला तर बहुधा स्क्रूपाशी. वीस फुटांचा पत्रा थंडीच्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत साठ अंशांचा फरक सोसतो आणि चार मिलिमीटरहून जास्त लांबतो-आखडतो. संध्याकाळी छपरावर टणटण आवाज येतो तो याचाच. या ओढाताणीत स्क्रूची भोकं मोठी होतात आणि रबराचे वायसर (वॉशर) उन्हाने तडकतात. स्क्रू कमी घट्ट असेल तर पाणी जातं, जास्त आवळला असेल तर वायसर चिरडून जातं. खराब स्क्रू काढून एक माप जाड स्क्रू नव्या ईपीडीएम (ऊन सोसणाऱ्या रबराच्या) वायसरसकट लावा. नुसतं वरून सिलिकॉन थापू नका. लावायचंच असेल तर न्यूट्रल प्रकारचं घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन जस्ताचा थर खातं आणि दोन वर्षांत तिथेच भोक पडतं.

सहावं: पत्रा कशावर टेकला आहे

इथून पुढचं काम खर्चाचं. पत्रा थेट कवेलूंवर टेकला असेल तर हवा जायला जागाच नाही. वाऱ्याने पत्रा हलला की कवेलूच्या कडा खालचा रंग घासून काढतात आणि गंज आतून सुरू होतो. स्क्रू कवेलूत घुसवलेले असतील तर ते कशालाच धरलेले नाहीत. जूनच्या पहिल्या वावटळीत असा पत्रा उडतो.

बरोबर पद्धत अशी: आधी वाशांच्या रेषेत, वळचणीकडून आढ्याकडे जाणाऱ्या उभ्या पट्ट्या किंवा पाइप, वाशांत पक्के धरलेले. त्यांच्यावर आडवे पाइप. त्यांच्यावर पत्रा. नुसते आडवे पाइप टाकले की प्रत्येक पाइप हवेला बांध घालतो. उभ्या पट्ट्यांमुळे खाली किमान दीड-दोन इंचांची सलग वाट राहते. इथे ठेकेदार हमखास वाद घालतो, कारण लोखंड वाढतं. माझं सांगणं एवढंच की रंग, ब्रँड, पन्हळीची नक्षी यात पैसे वाचवा, पण उभ्या पट्ट्या सोडू नका.

सातवं: इन्सुलेशन, आणि ते सगळ्यात शेवटी का

लोक इथून सुरुवात करतात. हवेची वाट बंद ठेवून पत्र्याखाली ग्लासवूल भरलं तर ते स्पंजासारखं पाणी पितं. ओलं झालं की उष्णताही अडवत नाही आणि लाकडाला ओल लावून बसतं. आधी वाफ बाहेर, मग हवा मोकळी, मग इन्सुलेशन.

कवेलू न काढता करायचं तर चकचकीत फॉइलची बबल शीट माळ्यातून, वाशांच्या खालच्या बाजूने ताणून लावणं सोपं पडतं. चकचकीत बाजूसमोर किमान पाऊण ते एक इंच मोकळी हवा हवी. दोन्हीकडून चिकटली तर फॉइलचा उपयोग जवळजवळ संपतो. चकाकी खाली तोंड करून ठेवा, वर तोंड केलं तर धूळ बसून ती निकामी होते. शीटची वरची आणि खालची कडा मोकळी सोडा. आणि फॉइल वीजवाहक आहे, हे विसरून तिला वायरींवर स्टेपल मारणारे मी पाहिले आहेत. वायरी पाइपात घेतल्याशिवाय फॉइल लावूच नका.

ग्लासवूल वापरलं तर छतावर अंथरा, फॉइलची बाजू खाली, खोलीकडे. हातमोजे आणि मास्क घालून. थर्माकोल मी लावत नाही, उंदीर त्यात घरं करतात आणि आग लागली तर ते झटकन पेटतं. पत्र्यावर पांढरा परावर्तक रंग दिला तर मेची दुपार नक्की सुसह्य होते, पण पहाटेचा घाम त्याने थांबत नाही.

पावसाळ्याबद्दल खोटी आशा देत नाही. ऑगस्टमध्ये बाहेरची हवाच भिजलेली असते, त्यामुळे वाट मोकळी करूनही थोडा घाम राहतो. फरक एवढाच की उघडीप मिळाली की छप्पर दोन-तीन तासांत सुकतं, पूर्वी आठवडाभर सुकत नव्हतं. तेवढाही नको असेल तर पुढच्या वेळी आतून फेल्ट चिकटवलेला पत्रा घ्या. तो थेंब धरून ठेवतो आणि सुकवतो.

इथे थांबा

वाशात स्क्रूड्रायव्हर टोचून पाहा. टोक अर्धा इंच सहज आत गेलं किंवा लाकूड पोकळ वाजलं तर छपरावर कुणालाही चढवू नका आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. पत्र्याचं वजन किरकोळ आहे, चौरस मीटरला चार-पाच किलो, पण त्याखालच्या कवेलूंचं ओझं त्याच वाशांवर आहे. आढं मधे झुकलेलं दिसत असेल किंवा भिंतीच्या माथ्याला नवी तड गेली असेल तरीही हेच.

जुन्या छपरात कुठे राखाडी सिमेंटचे पन्हळी पत्रे असतील तर ते अॅस्बेस्टॉसचे असू शकतात. कापू नका, भोक पाडू नका, घासू नका. त्याची धूळ फुफ्फुसात बसते. ते काढणं प्रशिक्षित लोकांचं काम. खालच्या खोलीत एसी चालत असेल आणि फॉल्स सीलिंगच्या वरच्या बाजूला पाणी धरत असेल, तर वाफ उलट्या दिशेने जाते आहे. तिथे माझे वरचे उपाय अपुरे पडतात, जाणकार माणूस लागतो. पाणी शेजाऱ्याशी सामाईक भिंतीतून येत असेल तर शेजाऱ्यांना सोबत घेऊनच काम काढा.

फॅब्रिकेटरकडून काम करून घ्यायचं तर दिवाळी ते होळी हा काळ ठेवा. पत्रा उघडा असताना पाऊस नको, आणि मे महिन्यात त्यावर माणूस दुपारी उभाही राहू शकत नाही. काम झाल्यावर पुढच्या थंडीत पहिल्या दोन-तीन निरभ्र रात्रींनंतर पहाटे सहाला बॅटरी घेऊन माळ्यावर जा आणि स्क्रूंची टोकं पाहा. कोरडी असतील तर वळचणीची जाळी वर्षातून एकदा, पानगळ संपली की, झाडून घ्यायची एवढंच काम उरतं.